‘सहावा माग’: इचलकरंजीत केलेल्या लघुपटाच्या कामाच्या नोंदी

२ जून २०२३

आज पहिली संहिता पूर्ण झाली. कथा थोडक्यात अशी आहे. यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळी करणारा ज्ञानेश्वर नावाचा कामगार बारा तास मागांच्या खडखडाटात उभा असतो. त्या खडखडाटात त्याला हळूहळू बोलणे ऐकू येऊ लागते, आणि शेवटी तो भान हरपून जॉबरवर (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिरावर) धोट्याने (आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावणाऱ्या टोकदार लाकडी ठोकळ्याने) हल्ला करतो. मी स्वतः अकरा वर्षे एका कारखान्यात दिवाणजी म्हणून हिशेब लिहिले आहेत. त्यामुळे कारखाना मला ठाऊक आहे, असा माझा समज होता, आणि तो किती अपुरा होता हे पुढच्या नोंदींत येईलच. अशा विषयावर लघुपट करू पाहणाऱ्या दुसऱ्या कुणाचे पैसे आणि रात्री वाचाव्यात, म्हणून या नोंदी ठेवत आहे. ठरवलेला खर्च ४५,००० रुपये असून ठरवलेली लांबी २० मिनिटे आहे.

१८ जून

आज आमच्या गटातल्या सात जणांसमोर वाचन झाले. ज्ञानेश्वर एकटाच हसतो, केस विस्कटून बसतो, भिंतीकडे बघत बडबडतो, ही सगळी दृश्ये वाचून झाली तेव्हा खोलीत कुणीही अस्वस्थ झालेले नव्हते. ध्वनिमुद्रण करणारा आमचा मित्र म्हणाला की हा माणूस पहिल्या पानापासूनच वेडा दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे गमवायला काही उरतच नाही. हे बोलणे मला लागले, परंतु ते खरे होते.

त्याच संहितेत ज्ञानेश्वरच्या वडिलांचाही एक प्रसंग होता. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणीतून हात हलवत परतलेला साचेवाला (गिरणीतला विणकर) बाप, आणि त्याने मुलाच्या मनात पेरलेली धास्ती, असे मी मोठ्या हौसेने लिहिले होते. तो संप खरा आहे आणि त्याने उद्ध्वस्त झालेली घरेही खरी आहेत. पण या गोष्टीत तो प्रसंग आला की प्रेक्षकाला कारण सापडते, आणि कारण सापडले की भीती निवळते. साडेचार पाने काढून टाकली. ती लिहिण्यात नऊ दिवस गेले होते.

९ जुलै

कोल्हापुरातल्या एका मनोविकारतज्ज्ञांनी दीड तास दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यांनी संहिता आधी वाचली होती आणि समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. त्यांच्या तीन हरकतींमुळे आमचे काम बदलले.

पहिली हरकत काळाबद्दल होती. मी तीन रात्रींत माणूस बिघडवला होता, तर त्यांच्या अनुभवात हे बहुधा आठवडे आणि महिने चालते. सुरुवात भयंकर गोष्टीने होत नाही, ती झोपेपासून, जेवणापासून आणि माणसे टाळण्यापासून होते. साध्या वस्तूंना अर्थ चिकटू लागतो, म्हणजे दारात उलटी पडलेली चप्पल, कुणीतरी पुसलेली पाटी, अशा गोष्टी आपल्यालाच काही सांगत आहेत असे वाटू लागते. दुसरी हरकत आवाजांबद्दल होती. चित्रपटांत घुमणारी, प्रतिध्वनी असलेली कुजबुज असते. प्रत्यक्षात अनेक रुग्ण सांगतात की आवाज शेजारी उभ्या असलेल्या माणसासारखा स्पष्ट असतो, आणि पुष्कळदा दोघे जण आपापसांत आपल्याबद्दल बोलत असतात, आपण करतो आहोत ती प्रत्येक कृती सांगत असतात.

तिसरी हरकत शेवटाबद्दल होती आणि ती त्यांनी सर्वांत शांतपणे सांगितली. गंभीर मनोविकार असलेली माणसे दुसऱ्यावर हिंसा करतात त्यापेक्षा त्यांच्यावर हिंसा होण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे धोट्याचा हल्ला दाखवून मी शेजारच्या गल्लीतल्या खऱ्या रुग्णाच्या वाटेत आणखी एक दगड ठेवत होतो. मी वाद घातला. थरारपटाला शेवटी काहीतरी स्फोट लागतो, असे माझे म्हणणे होते. घरी येताना बसमध्ये मात्र उमगले की मला दुसरा शेवट सुचत नाही, एवढेच माझ्याजवळचे कारण आहे. तरीही तो शेवट मी लगेच काढला नाही आणि त्या हट्टाची किंमत पुढे मोजावी लागली.

३० जुलै

चौतीस वर्षे माग चालवून निवृत्त झालेले एक विणकर, ज्यांना सगळा कारखाना मामा म्हणतो, आज संहिता ऐकायला आले. त्यांना वाचता येते, पण त्यांनी ऐकणेच पसंत केले. ज्ञानेश्वरचे मन ढळू लागते तसे त्याचे काम बिघडते, धागे तुटलेले त्याला दिसत नाहीत, धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपलेली कळत नाही आणि तागा खराब निघतो, अशी माझी रचना होती. मामांनी मध्येच हात वर केला.

“हात चुकत न्हाईत,” ते म्हणाले. “डोकं कुठंबी जाऊ दे, गाठ बसतीच. तुम्ही लिवलंय ते दारू पिल्यालं माणूस हाय.”

त्यांनी सांगितले की त्यांच्यासोबत काम करणारा एक जण कित्येक महिने कुणाशी बोलत नव्हता, डबा न उघडता परत नेत होता, आणि तरी त्याचे मीटर सर्वांत जास्त भरत होते. इचलकरंजीत मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते. मीटर भरले की दिवाणजी वहीत आकडा लिहितो आणि पुढच्या नावाकडे वळतो. मी अकरा वर्षे तेच केले आहे. मामा ज्याच्याबद्दल बोलत होते तो माझ्या वहीतला नव्हता, परंतु तसाच एखादा माझ्या वहीत असता तर मला तो दिसला नसता, हे मला मान्य करावे लागले.

या एका बोलण्याने गोष्ट उलटली. आता नायकाचे काम बिघडत नाही, ते सुधारत जाते. त्याचे मन जितके दूर जाते तितके त्याचे मीटर भरतात, आणि म्हणूनच कुणाच्या काही लक्षात येत नाही. संहिता पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतली.

२० ऑगस्ट

आवाजाच्या मुद्रणाचा पहिला दिवस संपूर्ण वाया गेला. मी फोनवर वीस मिनिटे मागांचा आवाज घेतला आणि घरी ऐकला, तर कारखाना नदीपलीकडे असावा असा दबलेला आवाज आला. बरेच फोन सतत येणारा आवाज नकोसा गोंगाट समजून आपोआप दाबतात आणि आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतात. ज्याला यंत्रांचा आवाज हवा आहे त्याने फोनवर विसंबू नये.

सुट्टा रेकॉर्डर ७,५०० रुपयांना जुना मिळाला. दुसऱ्या फेरीत पातळी जास्त ठेवल्यामुळे आवाज फाटला, कारण कारखान्यातला आवाज ९० डेसिबलच्या पुढे असतो आणि धोट्याचा प्रत्येक ठोका त्याच्याही वर उसळतो. तिसऱ्या फेरीत पातळी इतकी खाली घेतली की पडद्यावरची पट्टी जेमतेम अर्ध्यापर्यंत हलत होती, आणि तेव्हा कुठे ठोका स्वच्छ आला. रेकॉर्डरवर पातळ सुती कापड बांधावे. आम्ही ते बांधले नाही, त्यामुळे कापसाची लव माइकच्या जाळीत बसली आणि ब्रशने साफ करण्यात एक संध्याकाळ गेली.

याच दिवशी आम्हाला चित्रपटाचा कणा सापडला. एका कामगाराकडच्या सहा मागांपैकी पाचवा आणि सहावा शेजारी होते. पाचवा मिनिटाला १४४ फेऱ्या मारत होता आणि सहावा १४०. चार फेऱ्यांच्या या फरकामुळे दोघांचे ठोके दर १५ सेकंदांनी एकमेकांवर येतात, क्षणभर एकच मोठा ठोका ऐकू येतो आणि मग ते पुन्हा फाकत जातात. एकदा कानाला कळले की माणूस त्या क्षणाची वाट बघू लागतो. मी स्वतः रात्री घरी पंख्याखाली पडलो असताना पंधरा अंक मोजत होतो. नायकाला आवाज ऐकू येतील ते याच क्षणी, असे ठरले.

नायकाचे नावही आज बदलले. ज्ञानेश्वर हे नाव ठोक्यात बसत नव्हते, तर ‘सदा’ बरोबर एका फेरीत बसते. खट्‌-खट्‌, स-दा. संहितेत सगळीकडे नाव बदलताना त्या शब्दाचा दुसरा अर्थही लक्षात आला, पण त्याचा उपयोग संवादात करायचा नाही असे मी ठरवले.

१० सप्टेंबर

मुख्य नट नाटकांतून काम केलेला, समंजस मुलगा आहे. त्याचे शिक्षण मामांकडे सुरू होऊन तीन आठवडे झाले. तुटलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा शोधून विणकराची गाठ मारणे, मागाच्या वहीतून (उभे धागे वर-खाली करणाऱ्या चौकटीतून) आणि फणीतून (आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या कंगव्यातून) तो ओवून घेणे, संपलेली कांडी काढून धोटा बदलणे, एवढे त्याने शिकायचे होते. मी आठ दिवस धरले होते, प्रत्यक्षात सव्वा महिना लागेल असे दिसते. पहिल्या आठवड्यात त्याच्या बोटांची टोके सोलली. मामांना दर आठवड्याला १,८०० रुपये देत आहोत, म्हणजे पाच आठवड्यांचे ९,००० होतील. या खर्चात काटकसर करू नये. पडद्यावर हात खोटे दिसले तर चेहऱ्यावरचा अभिनय कितीही चांगला असला तरी विणकरांच्या गावात हा चित्रपट कुणी पाहणार नाही.

शिकवताना मामांनी एक अडचण काढली आणि तीच पुढे सर्वांत उपयोगी ठरली. नव्या संहितेत सदा ते ठोके जुळू नयेत म्हणून सहावा माग काही सेकंद थांबवतो आणि पुन्हा सुरू करतो. मामा म्हणाले की माग थांबवून सुरू केला की कापडावर आडवी पट्टी पडते आणि तपासणीत ती लगेच सापडते. मग सदाचे गुपित लपणार कसे? मामांनी चाक हाताने मागे फिरवून, फणी नेमक्या जागी आणून, पट्टी जवळजवळ न पडता माग कसा सुरू करता येतो ते दाखवले. हे सगळ्यांना जमत नाही. सदाला ते जमते, आणि आवाज वाढत जातात तसे अधिकाधिक सफाईने जमते. त्याचा आजार आणि त्याचे कसब एकाच हालचालीत दाखवण्याची संधी मला माझ्या टेबलाशी बसून कधीही मिळाली नसती.

८ ऑक्टोबर

चाचणी चित्रीकरण झाले आणि सगळे फुकट गेले. चित्रात वरून खाली सरकणारे काळे पट्टे आले. मित्राचा मिररलेस कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे आणि १/६० शटर यावर राहिला होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे कारखान्यातल्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, आणि १/६० चा त्याच्याशी मेळ बसत नाही. सेकंदाला २५ चित्रे आणि १/५० शटर ठेवल्याबरोबर पट्टे गेले. लहान पडद्यावर ते दिसत नव्हते, म्हणून पहिल्याच शॉटनंतर मोठ्या पडद्यावर तपासणे आवश्यक होते. चार तास आणि दिव्यांचे एका दिवसाचे भाडे, म्हणजे १,५०० रुपये गेले.

सुरक्षेबद्दल येथेच लिहून ठेवतो. धोटा ज्या रेषेत धावतो त्या रेषेच्या दोन्ही टोकांना कॅमेरा किंवा माणूस कधीही उभा करू नये. धोटा उडाला तर डोळा जाऊ शकतो. आमच्या कॅमेरामनने मोहात पडून तो कोन लावला होता आणि जॉबरने त्याला दंडाला धरून बाजूला ओढले. सर्वांना कानात घालायचे बोळे आणि तोंडावर मास्क दिले.

१३ ते १६ नोव्हेंबर

दिवाळीत कारखाना बंद असतो, म्हणून मालकांनी चार रात्री दिल्या. विजेचे ४,८०० आणि जॉबरची रोजची १,००० रुपये मजुरी आम्ही भरायची, असे ठरले. भाडे त्यांनी घेतले नाही.

पहिल्या रात्री कळले की दिवाळी निवडणे ही चूक होती. फटाके रात्री एकपर्यंत वाजत होते. मागांच्या आवाजात ते बुडतील असा माझा अंदाज होता, परंतु ठोक्यांत जो स्वच्छपणा आम्हाला हवा होता त्यात प्रत्येक बार वेगळा ऐकू येत होता. शेवटी चित्रीकरण फक्त चित्राचे केले आणि आवाज चालू कारखान्यात पुन्हा घ्यायचा असे ठरवले. दुसरी चूक अधिक बाळबोध होती. २४ मागांपैकी फक्त सहा चालू होते आणि मागे अठरा माग मेल्यासारखे उभे दिसत होते. त्यामागचे दिवे बंद करून फक्त सदाच्या सहा मागांवर प्रकाश ठेवला. नाइलाजाने केलेली ही दुरुस्ती चित्राला फार मानवली. अंधारात एक उजेडाचा चौकोन आणि त्यात फिरणारा एकच माणूस, असे ते दिसू लागले.

तिसऱ्या रात्री धोटा ताण्यातच अडकला. फणीने त्याला दाबले आणि डोळ्यांदेखत शेकडो धागे तुटले. नटाची चूक नव्हती. मीच त्याला चेहरा कॅमेऱ्याकडे ठेवायला सांगितले होते आणि त्यामुळे त्याचे लक्ष मागावर नव्हते. मामा, जॉबर आणि एक वहिफणी कामगार (वही-फणीतून धागे ओवणारा) अशा तिघांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसून धागे सांधले. मजुरी ३,२०० रुपये झाली आणि एक रात्र गेली. त्यानंतर मी नटाला हाताकडे बघू दिले. तोंड दिसले नाही तर पाठ दिसेल, असे म्हणालो, आणि चित्रपटातले सगळ्यांत चांगले शॉट त्याच्या पाठीचे आहेत.

शेवटच्या रात्री धोट्याचा हल्लाही चित्रित केला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी वाजवल्या नाहीत.

२६ नोव्हेंबर

पहिली जोडणी ४१ मिनिटांची झाली. ती पाहताना मला एक गोष्ट जाणवली. सदा घरी असतानाची दृश्ये, म्हणजे बायकोशी भांडण, मुलीच्या शाळेची फी आणि उधारी, ही सगळी दृश्ये प्रेक्षकाला सदाची कीव करायला सांगत होती. कीव आली की माणूस आपल्यापासून वेगळा होतो. ती जवळजवळ सगळी काढली. एकच ठेवले. सदा सकाळी आठला घरी येतो, बायको चहा ठेवते, आणि स्टोव्हच्या आवाजाकडे त्याचे लक्ष आहे हे तिच्या लक्षात येते. ती स्टोव्ह बंद करते. दोघेही काही बोलत नाहीत. या दृश्यासाठी नटीने एक वाक्य मागितले होते आणि मी ते दिले नाही. आता मला ते बरोबर वाटते.

हल्ल्याचा प्रसंग मात्र पूर्णपणे फसला. पंचवीस मिनिटे ज्याच्या हाताकडे आपण आदराने बघत आलो, त्याच्या हातात शस्त्र दिल्याबरोबर तो दुसऱ्याच कुठल्यातरी चित्रपटातला माणूस झाला. डॉक्टरांनी जुलैत सांगितलेले मी नोव्हेंबरात स्वीकारले. मध्ये एक रात्रीचे चित्रीकरण, जेवण, दिव्यांचे भाडे आणि एका नटाचा मुका मार एवढे गेले.

१७ डिसेंबर

आवाजाच्या जोडणीसाठी कोल्हापुरात दोन दिवस स्टुडिओ घेतला, दिवसाला ६,००० रुपये. हा भाग सविस्तर लिहितो, कारण अशा चित्रपटाचे यश-अपयश येथेच ठरते.

आधी आम्ही सवयीप्रमाणे आवाजांना प्रतिध्वनी दिला होता. तो लावला की प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, कारण हे भास आहेत असे त्याला आयते सांगितले जाते. प्रतिध्वनी पूर्ण काढला. दोन साधे पुरुषी आवाज शांत खोलीत, तोंडापासून वीतभर अंतरावर माइक ठेवून घेतले. त्यांची वाक्येही साधी आहेत.

“बघ, कांडी बदलली.”

“बदलली?”

“बदलली. आता गाठ मारंल.”

यापेक्षा भीतिदायक वाक्ये मी लिहिली होती. ती सगळी टाकून दिली. चालू कारखान्यात साधे बोलणे ऐकू येत नाही. कामगार ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून समजून घेतात, आणि जवळच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी ओरडावे लागते. त्या आवाजात कुणीतरी घरात बोलावे इतक्या सहज बोलते आहे आणि ते स्पष्ट ऐकू येते आहे, एवढ्यानेच कारखाना माहीत असलेल्या माणसाच्या अंगावर काटा येतो.

ते स्पष्ट ऐकू आणायचे कसे, यात पहिला दिवस गेला. आवाज येताच मागांचा खडखडाट कमी केला, तर पाहणाऱ्यांना माग बंद पडले असे वाटले. खडखडाट तसाच ठेवला, तर शब्द बुडाले. दुसऱ्या दिवशी स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने खडखडाटाची एकूण पातळी न बदलता फक्त २ ते ४ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात, जिथे बोललेल्या व्यंजनांची ओळख पटते तिथे, खळगा केला, म्हणजे तेवढाच आवाज खाली घेतला, आणि संवाद त्या खळग्यात ठेवला. आता माग तितकेच जोराने चालतात आणि शब्द त्यांच्या आतून आल्यासारखे वाटतात. प्रत्येक वाक्य पाचव्या आणि सहाव्या मागाचे ठोके जुळतात त्या क्षणी सुरू होते. पहिल्या दहा मिनिटांत आवाज नाहीत, केवळ ते जुळणे आहे. प्रेक्षकाच्या कानाला नकळत सवय लागते आणि मग तोही वाट बघू लागतो.

७ जानेवारी २०२४

नवा शेवट चित्रित केला. सदाने सहावा माग थांबवणे हा आपला उपाय मानला आहे. मध्यरात्री वीज जाते. चोवीसच्या चोवीस माग एकामागून एक मंदावत थांबतात आणि कारखान्यात संपूर्ण शांतता पसरते. इतर कामगार बाहेर बिडी ओढायला जातात. सदा हसतो, कारण आता ठोका नाही. आणि त्या शांततेत, त्याच घरगुती सुरात, ते दोघे बोलतात: “थांबलं.” “थांबलं? बघ, आता हसला.” सदा अंधारातच सहाव्या मागाशी जातो आणि चाचपडत तुटलेला एक धागा शोधून गाठ मारतो. ती अचूक बसते. वीज येते, दिवाणजी आत येतो आणि वहीत मीटर लिहितो. दिवाणजीचे काम मी स्वतः केले. वही माझी जुनीच आहे.

वीज जाण्याचा आवाज घेण्यासाठी मुख्य कळ अकरा वेळा बंद करावी लागली. माग एकदम थांबत नाहीत, प्रत्येकाचे शेवटचे दोन-तीन ठोके वेगळे पडतात, आणि ते हवे तसे येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. परिणामी कापडावर अकरा वेळा पट्ट्या पडल्या आणि मालक योग्य कारणाने नाराज झाले. ते कापड आम्ही विकत घेतले. या पुनर्चित्रीकरणाचा सर्व खर्च ८,००० रुपये झाला.

२८ जानेवारी

एकूण खर्च ७३,००० रुपये झाला, म्हणजे ठरवल्यापेक्षा २८,००० जास्त. सगळ्यात मोठा आकडा स्टुडिओचा, १२,०००, आणि त्याखालोखाल जेवण आणि चहाचा, ११,४००. नटांनी मानधन घेतले नाही, हे माझ्या मनाला लागून आहे आणि पुढच्या कामात असे होऊ देणार नाही. मी सुरुवातीलाच डॉक्टरांचे ऐकले असते तर हल्ल्याचा प्रसंग आणि पुनर्चित्रीकरण दोन्ही वाचले असते. मामांकडे पहिली ओळ लिहिण्याआधी गेलो असतो तर दीड महिना वाचला असता.

चित्रपटाची अंतिम लांबी २६ मिनिटे आहे. शेवटच्या पाटीवर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या मोफत शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला आहे. पहिल्या प्रतीत ती पाटी तीन सेकंद होती, घरच्यांना ती वाचता आली नाही, म्हणून दहा सेकंद केली.

१८ फेब्रुवारी

कारखान्याच्या आवारात पडदा लावून पहिला खेळ केला. सत्तरेक माणसे आली. भाड्याच्या ध्वनिवर्धकांत खालचे सूर इतके फुगले की संवादांचा खळगा भरून गेला. पहिली पाच मिनिटे थांबवून खालचे सूर उतरवले आणि पुन्हा सुरुवात केली. खेळाआधी प्रत्यक्ष जागेवर आवाज तपासायला अर्धा तास हवाच.

ठोके जुळू लागले तेव्हा पुढच्या रांगेतली माणसे पंधरा सेकंदांच्या तालात मान हलवत होती. पहिला संवाद आला तेव्हा दोघांनी वळून मागे पाहिले. वीज गेली त्या प्रसंगात एक बाई उठून बाहेर गेल्या आणि खेळ संपेपर्यंत फाटकाशी उभ्या राहिल्या. मी त्यांच्याशी बोलायला गेलो. आपले दीर असेच मीटर भरत होते, एवढेच त्या म्हणाल्या. पाटीवरचा क्रमांक त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतला.

२५ फेब्रुवारी

खेळाच्या दिवशी दुसऱ्या कारखान्यातला एक विणकर मामांना म्हणाला होता की चित्रपट ठीक आहे, पण सहाव्या मागाचा पट्टा सरकतो आहे, मालकांना सांगा. मामांनी सांगितले. आज मी ध्वनिवर्धकांचे सामान न्यायला गेलो तेव्हा जॉबरने पट्टा बदलून झाला होता. मी घड्याळ लावून मोजले. पाचवा १४४, सहावा १४४. दोन्ही माग शेजारी शेजारी चालत होते, आणि मी पाच मिनिटे उभा राहिलो तरी त्यांचे ठोके एकमेकांपासून हलले नाहीत.

मूळ मुद्रणाच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवल्या आहेत. तो आवाज पुन्हा घेता येणार नाही.